रिकामा पिकअप चिखलात फिरतोय? मागे गोण्या टाका

निफाड-दिंडोरीकडे पावसाळ्यात बागेत क्रेट आणायला निघालेला रिकामा टू-व्हील ड्राइव्ह पिकअप बांधावरच अडकतो. इंजिनाचं वजन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि मागे भार नाही. म्हणून चाकं जागीच फिरतात.

१. मुरूम किंवा वाळू भरलेल्या २५ किलोच्या ६ ते ८ गोण्या मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर ठेवा. अगदी शेवटी फाळक्याजवळ नको, पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग ऐकत नाही.

२. गोण्या दोरानं हौद्याच्या कड्यांना आवळून बांधा. अचानक ब्रेक लागला की सुट्या गोण्या थेट केबिनवर येतात.

३. दुसऱ्या गिअरमध्ये, कमी रेसवर, न थांबता निघा. चाक फिरू लागलं की लगेच अॅक्सिलरेटर सोडा. रेस वाढवली तर ते खड्डाच खणतं.

४. एकच चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन दात ओढून हळू रेस द्या, थोडी ताकद दुसऱ्या चाकाला मिळते. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालत असेल तरच हे जमतं. गाडी सुटताच तो खाली करा.

मुरमाच्या शिवाररस्त्याला एवढं पुरतं. भिजलेल्या काळ्या रानात मात्र टायरच्या खाचा चिकणमातीनं भरतात आणि गोण्यांचाही उपयोग होत नाही. तिथे गाडी सडकेवरच ठेवा, क्रेट ट्रॅक्टरनं काढा.

माल भरण्याआधी गोण्या उतरवा, नाहीतर ते दीडशे-दोनशे किलो भारक्षमतेतून जातात.