सिरिंज बदलली आणि साखर ३४० वर गेली

मुलीकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा इन्सुलिनच्या बाटल्या पर्समध्येच ठेवल्या होत्या, कारण सामानात टाकलं तर विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. एवढी काळजी घेतली, पण सिरिंजा कमी पडल्या. लेकीने तिथल्या दुकानातून आणून दिल्या. रोजच्यासारखं २० च्या रेघेपर्यंत भरून टोचत राहिले. तिसऱ्या दिवशी साखर ३४०! मला वाटलं, प्रवासाचा शीण, जेवणाच्या बदललेल्या वेळा.

जावयाने दोन्ही सिरिंजा शेजारी ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. माझी लाल टोपणाची, त्यांची केशरी. मी इथून नेलेल्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट होती, तिथली सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. म्हणजे २० च्या रेघेवर माझ्या पोटात जात होती जेमतेम ८ युनिट. उलटं झालं असतं, १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये, तर अडीचपट डोस गेला असता. त्या विचाराने आजही धस्स होतं.

पुण्याच्या डॉक्टरांना लगेच फोन केला. परतेपर्यंत रोज ५० च्या रेघेपर्यंत भरायला सांगितलं, हिशोब कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला. दोन दिवसांत साखर १७० वर आली. या खेपेला डॉक्टरांनी इन्सुलिन टोचायचं पेन दिलंय, मिलिलिटरला १०० युनिटचं, सुया मोजून दुप्पट घेतल्यात.