दस्तऐवजातील दुवे: सापेक्ष कुठे आणि पूर्ण पत्ता कुठे

पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एका दूध संस्थेला आम्ही संकलनाचे सॉफ्टवेअर आणि त्याची माहितीपुस्तिका पेनड्राइव्हवर दिली. पाऊस लागला, नेट गेले, आणि पुस्तिका समोरच्या संगणकावर असूनही तिच्यातला एकही दुवा उघडेना, कारण प्रत्येक दुवा आमच्या संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता धरून बसला होता. ते दुवे मीच लिहिले होते.

दुवा लिहिण्यापूर्वी एकच गोष्ट पाहावी: हे पान दुसरीकडे नेले, तर दुव्यापलीकडची फाईलही त्याच्यासोबत जाणार आहे का? जाणार असेल, तर सापेक्ष दुवा, म्हणजे चालू फाईलपासूनची वाट सांगणारी, रोजच्या बोलण्यातली रिलेटिव्ह लिंक, वापरावी. पान एकटेच जाणार असेल किंवा पलीकडची फाईल दुसऱ्या कुणाच्या संकेतस्थळावर असेल, तर पूर्ण पत्ता लिहावा.

प्रथम फोल्डरांची रचना कागदावर मांडावी. आमच्याकडे पुस्तिका मराठीत आणि कन्नडमध्ये असते, म्हणून ‘दस्तऐवज’ या फोल्डरात ‘मराठी’, ‘कन्नड’ आणि ‘चित्रे’ असे तीन फोल्डर आहेत. मराठीतील स्थापनेच्या (सॉफ्टवेअर बसवण्याच्या) पानावरून त्याच्या कन्नड पानाकडे जाणारा दुवा मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून पाने लिहिण्याच्या पद्धतीत, असा होतो:

[कन्नड आवृत्ती](../कन्नड/स्थापना.एमडी)

दोन टिंबे आणि स्लॅश म्हणजे एक फोल्डर वर जाणे. मोजणी नेहमी दुवा ज्या फाईलमध्ये आहे तिच्या फोल्डरापासून करावी, प्रकल्पाच्या मुळापासून नव्हे. नवखे बहुतेक इथेच चुकतात. (ही नावे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती लहान रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवावीत, कारण पत्त्यात देवनागरीचे एकेक चिन्ह टक्केचिन्हांसह नऊ अक्षरांचे होते. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक विंडोज सहसा मानत नाही, पण लिनक्स सर्व्हर मानतो.)

पुस्तिकेचे संकेतस्थळ बनवताना आणखी एक पेच पडतो. जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटवरील पत्त्यांच्या मानकानुसार ब्राउझर चालू पत्त्यातील शेवटच्या स्लॅशनंतरचा भाग काढून टाकतो आणि मग सापेक्ष दुवा जोडतो. त्यामुळे ‘स्थापना’ आणि ‘स्थापना/’ या दोन पत्त्यांवरून एकच दुवा दोन वेगळ्या ठिकाणी पोहोचतो. एमकेडॉक्स हे मार्कडाउनपासून संकेतस्थळ बनवणारे साधन मूळ मांडणीत प्रत्येक पानाचा असा स्वतंत्र फोल्डर करते आणि मार्कडाउन दुवे स्वतः दुरुस्त करते, पण हाताने लिहिलेल्या एचटीएमएलला ते हात लावत नाही. पेनड्राइव्हवर द्यायच्या प्रतीसाठी ही फोल्डरांची मांडणी बंदच ठेवावी, नाहीतर दुव्यावर पानाऐवजी फायलींची यादी उघडते.

स्लॅशने सुरू होणारा दुवा मी टाळतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर फाईल पाहताना तो रेपॉझिटरीच्या, म्हणजे प्रकल्पाच्या साठ्याच्या, मुळापासून धरला जातो, पण गिटहब पेजेस या त्याच्याच संकेतस्थळ-सेवेवरील प्रकल्पाच्या संकेतस्थळावर तोच डोमेनच्या मुळापासून मोजला जातो आणि मधले प्रकल्पाचे नाव गळते.

नावे बदलतात, हे बेळगावकरांना सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत पाटीवर बेळगावी आहे. रेपॉझिटरीचे नाव बदलल्यावर गिटहब जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवते, मात्र पेजेसवरील प्रकल्पाच्या संकेतस्थळाचा पत्ता वळवत नाही. आतले दुवे सापेक्ष असतील, तर त्यांना या बदलाची झळ लागत नाही. शिवाय जुनी शाखा, म्हणजे प्रकल्पाची वेगळी ठेवलेली जुनी प्रत, वाचणारा माणूस त्याच शाखेत राहतो, मुख्य शाखेच्या नव्या सूचनांवर जाऊन पडत नाही.

पूर्ण पत्ता हवाच अशी जागा म्हणजे रीडमी, प्रकल्पाची ओळख करून देणारी फाईल. पायथॉन भाषेतले पॅकेज पायपीआय या अशा पॅकेजांच्या भांडारावर चढवले, की तिथे रीडमीचा मजकूर दिसतो, पण सापेक्ष पत्त्याची चित्रे दिसत नाहीत. कोडच्या ठरावीक ओळीकडे बोट दाखवायचे असेल, तर पूर्ण पत्त्यात शाखेच्या नावाऐवजी कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या ठरावीक बदलाचा, क्रमांक ठेवावा. गिटहबवर फाईल उघडून इंग्रजी ‘वाय’ ही कळ दाबली, की असा पत्ता मिळतो.

शेवटी तपासणी. एमकेडॉक्स ‘स्ट्रिक्ट’ पर्यायासह चालवल्यास तुटलेल्या अंतर्गत दुव्यावर बांधणी थांबते, आणि स्फिंक्स या पुस्तिका बनवणाऱ्या दुसऱ्या साधनातील ‘लिंकचेक’ बाहेरचे दुवे तपासते. त्यानंतर तयार पुस्तिका पेनड्राइव्हवर घ्यावी, ती दुसऱ्या संगणकावर लावावी, वायफाय बंद करावे आणि मुखपृष्ठापासून एकेक दुवा दाबत जावे.