फौजेत नवीन आहात? गावातल्या 'भावी सरपंच' फ्लेक्सपासून जपा

फिजिकल, मेडिकल, ड्रिल यावर मी काही सांगत नाही, ते ट्रेनिंग देणारे उस्ताद घोटून घेतात. राजकारणापासून किती लांब राहायचं, हे मात्र कसम परेड (ट्रेनिंगनंतर शपथ घ्यायची परेड) झाल्यावरही बऱ्याच पोरांना नीट कळलेलं नसतं. मी आता पेन्शनवर आहे म्हणून हे लिहू शकतो. नोकरीत असताना राजकीय विषयावर किंवा फौजेबद्दल परवानगीशिवाय काहीही छापायला आर्मी रूल्सच्या नियम २१ ची बंदी आहे.

घटनेच्या कलम ३३ नं सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालायचा अधिकार संसदेला दिलाय. त्यातून १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टचं कलम २१ आलं आणि १९५४ च्या रूल्समधला नियम २०. सभा, मोर्चा, पक्षाचं सदस्यत्व, पक्षाला वर्गणी, उमेदवारी, प्रचार, सगळं बंद. अग्निवीरांनाही हेच लागू.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. लोक अडकतात ते पुढे. आपल्याला वाटतं राजकारण म्हणजे आमदारकी-खासदारकी, गावातलं पॅनेल म्हणजे घरचं काम. पण नियम २० मध्ये संसद आणि विधिमंडळाबरोबर स्थानिक संस्थाही आहेत. म्हणजे ग्रामपंचायत आली, झेडपी आली, नगरपालिका आली. शिवाय स्वतःला उमेदवार किंवा संभाव्य उमेदवार म्हणून जाहीर करू नका, एवढ्यावर नियम थांबत नाही. दुसऱ्यांना तसं जाहीर करू देऊही नका, असं तो म्हणतो.

मी सुट्टीवर असताना मित्रांनी वाढदिवसाचा फ्लेक्स लावला. माझा वर्दीतला फोटो, वर पुढाऱ्यांचे चेहरे आणि खाली 'भावी सरपंच'. मला कुणी विचारलं नव्हतं, फोटो माझ्या स्टेटसवरून उचललेला. दुसऱ्या पॅनेलच्या कुणीतरी त्याचा फोटो युनिटपर्यंत पोचवला आणि लेखी जबाब द्यावा लागला. मी सुटलो ते फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरवला होता म्हणून. 'राहू दे, पोरांनी प्रेमानं लावलाय' म्हणत चार दिवस गप्प बसलो असतो, तर मी ते होऊ दिलं असाच अर्थ निघाला असता. आर्मी अ‍ॅक्टचं शिस्तभंगाचं कलम ६३ लागलं आणि कोर्ट मार्शल (लष्करी न्यायालयात खटला) झालं तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेड इंक एंट्रीनंही, म्हणजे रेकॉर्डमध्ये लाल शाईनं नोंदलेल्या शिक्षेनंही, पुढचं प्रमोशन अडकतं.

म्हणून असं काही दिसलं की आधी उतरवायला लावा. तसं सांगितल्याचा मेसेज जपून ठेवा. आणि दुसऱ्या कुणी कळवायच्या आत आपल्या सीनियर जेसीओ (सुभेदार वगैरे) साहेबांना स्वतः फोन करा. वर्दीतला फोटो स्टेटसला ठेवूच नका, हे माझं ठाम मत. निवडणूक आयोगानं २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये पक्षांना सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका असं कळवलंय, पण गल्लीतल्या फ्लेक्सवाल्यापर्यंत ते पत्र पोचत नाही.

'कोण बघतंय रे' म्हणणारा सीनियर प्रत्येक बॅरेकमध्ये भेटतो. त्याचं ऐकू नका. पेशीच्या वेळी, म्हणजे साहेबांसमोर जाब द्यायला, तुम्ही एकटेच उभे असता. त्यापेक्षा कंपनीतला कागदपत्र सांभाळणारा क्लार्क विचारायला बरा, त्याला नियम क्रमांकासकट पाठ असतात.

एवढं वाचून घाबरूही नका. आई किंवा वहिनी सरपंचपदाला उभी राहिली तर तो त्यांचा हक्क आहे, फक्त तुम्ही हातात पत्रकं घेऊन फिरायचं नाही. घरात बसून राजकारणावर बोलायलाही कुणी अडवत नाही.

आणि लोकसभा-विधानसभेचं मत तर तुमचं आहेच. सर्व्हिस व्होटर (फौजेतल्यांसाठीची वेगळी मतदार नोंदणी) म्हणून फॉर्म २ रेकॉर्ड ऑफिसमार्फत भरा. बायको तुमच्याबरोबर राहत असेल तर तिचंही नाव लागतं. मतपत्रिका ऑनलाइन येते, पण मत नोंदवून टपालानंच परत पाठवायची असते आणि मतमोजणी सुरू व्हायच्या आत ती पोचावी लागते. दुर्गम पोस्टवर असाल तर ती हातात आली त्याच दिवशी रवाना करा.