कॉम्प्रेसरच्या कोटेशनमधले डेसिबल असे ताडून पाहा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत शेडसाठी कॉम्प्रेसर, ब्लोअर घ्यायचा म्हटलं की दोन-तीन कोटेशन येतात. एकात ९२ डेसिबल, दुसऱ्यात ७०. आपण ७० वाल्याला हो म्हणून मोकळे. पण दोन्ही आकडे एकाच मापाचे नसतात.

१. आकड्याशेजारचं अक्षर बघा. एलडब्ल्यू असेल तर ती यंत्राची ध्वनिशक्ती, संदर्भ (म्हणजे शून्य डेसिबलची पातळी) १ पिकोवॅट. एलपी असेल तर कानाशी पोचणारा दाब, संदर्भ २० मायक्रोपास्कल.

२. एलपी असेल तर अंतर विचारा. १ मीटर की ७ मीटर? अंतर न लिहिलेला एलपी कामाचा नाही, सरळ परत पाठवा.

३. त्या अंतरावरचा एलपी काढायला एलडब्ल्यूमधून वजा करा: १ मीटरला ८, ७ मीटरला २५, १० मीटरला २८. म्हणजे ९२ हा एलडब्ल्यू असेल तर ते यंत्र ७ मीटरवर साधारण ६७ भरतं. दुसरं ७ मीटरवरच ७० असेल, तर मोठ्या आकड्याचंच यंत्र शांत निघालं की!

४. दोन्हीकडे डीबी-ए (माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं त्यानुसार जुळवलेले डेसिबल) आहे ना, तेही बघून घ्या.

ही वजाबाकी उघड्या जागेत, टणक जमिनीवर ठेवलेल्या यंत्रासाठी आहे. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज भिंतींवर आपटून परत येतो, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच भरेल. रात्री १० नंतर निवासी भागात मर्यादा ४५ डीबी-ए आहे. शेजारी घरं असतील तर कुंपणापाशीचा हिशेब आधी करा, ऑर्डर नंतर.