विदर्भाच्या उन्हात मैदानी घड्याळ: घेताना आणि वापरताना

पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणाऱ्याला जे घड्याळ लागतं, ते मेळघाटात पायी फिरणाऱ्याला लागेलच असं नाही. पैसे मोजण्याआधी काम ठरवा. एका जातीच्या घड्याळात उंची, हवेचा दाब, दिशा आणि तापमान कळतं. ते सेलवर किंवा सोलरवर चालतं आणि महिनोन्‌महिने चार्जिंग मागत नाही. दुसरं जीपीएसवालं. ते अंतर, वेग आणि हृदयाचे ठोके मोजतं, पण जीपीएस सुरू ठेवलं की बॅटरीचा हिशेब दिवसांवरून तासांवर येतो. धावणाऱ्यानं दुसरं घ्यावं. जंगल-घाटात फिरणाऱ्याला पहिलं पुरतं.

काही महागड्या मॉडेलमध्ये रेडिओ सिग्नलवर वेळ आपोआप लागते. ते सिग्नल जपान, चीन, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतून सुटतात. आपल्याकडे ते पोचत नाहीत, म्हणून त्यासाठी जास्तीचा पैसा देऊ नका. विहिरीत, तलावात पोहणार असाल तर १० बार किंवा १०० मीटर लिहिलेलं घ्या, आणि पाण्यात असताना बटणं दाबू नका.

दाबाचा सेन्सर दुकानातच तपासता येतो. घड्याळ झिपवाल्या पिशवीत हवेसकट बंद करा आणि पिशवी हातानं दाबा. दाबाचा आकडा वाढला आणि उंचीचा उतरला तर सेन्सर जिवंत आहे. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या आणि दुरुस्ती कुठल्या गावी होते ते विचारा.

सगळ्यात जास्त गैरसमज उंचीबद्दल आहेत. दाबाच्या सेन्सरवालं घड्याळ थेट उंची मोजत नाही. ते हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा अंदाज काढतं. आपल्या भागात सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं माप), आणि एक हेक्टोपास्कल म्हणजे साडेआठ-नऊ मीटर. म्हणजे ओसरीत बसल्या बसल्या घड्याळ तुम्हाला तीसेक मीटर वर चढवतं! यात बिघाड काही नाही. चढाई सुरू करण्याआधी माहीत असलेल्या जागी आकडा लावून घ्यायचा. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती सगळ्यात सोयीची. दहा मिनिटं तिथे थांबा, उंचीच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा भरा, मगच निघा. चिखलदऱ्याचा घाट मे महिन्यात चढलात तर दर शंभर मीटरमागे सात-आठ मीटर कमी दिसतील, कारण घड्याळ थंड हवेचं गणित धरून चालतं आणि तापलेली हवा विरळ असते. वर पोचल्यावर तिथली उंची पुन्हा भरा.

नागपुरात घड्याळ दाब ९६५-९८० दाखवतं आणि हवामान खात्याचा आकडा हजाराच्या वर असतो, म्हणून घाबरू नका. खात्याचा आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो आणि नागपूर तीनशे मीटरवर आहे. दाब झपाट्यानं उतरला की वाजणाऱ्या वादळाच्या अलार्मवर मात्र विसंबू नका. घाट चढताना तो उगाच वाजतो आणि उन्हाळ्यातल्या अचानक येणाऱ्या गडगडाटाला कधी वाजतच नाही. विजेसाठी मोबाईलमध्ये दामिनी अ‍ॅप ठेवा. गडगडाट कानावर आला की काम टाकून पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका.

दिशा पाहताना मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि मोबाईलपासून चार पावलं दूर व्हा, मनगट आडवं धरा. कॅलिब्रेशन करताना, म्हणजे दिशेचा सेन्सर जुळवून घेताना, घड्याळ सपाट ठेवून दोन फेरे सावकाश फिरवा. विदर्भात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे घड्याळातली त्या फरकाची दुरुस्ती शून्यावर राहू द्या.

जीपीएसला मोबाईलचं नेटवर्क लागत नाही. धारणीच्या जंगलातही ते चालतं. फक्त गावातून निघण्याआधी मोबाईलशी जोडून सिंक करा, नाहीतर पहिल्यांदा उपग्रह सापडायला कित्येक मिनिटं जातात. उपग्रह मिळाल्याची खूण दिसेपर्यंत मोकळ्यात उभं राहा, मग पळायला लागा. चारशे मीटरच्या ट्रॅकवर वळणांचं अंतर चुकतं, म्हणून तिथे प्रत्येक फेरीला लॅपचं बटण दाबा आणि वेळच धरा. ठोक्यांसाठी पट्टा मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर, घट्टसर बांधा.

या घड्याळानं धुऱ्याचे वाद मिटवायला जाऊ नका. एका एकराच्या चौकोनी शेताची बाजू सुमारे ६४ मीटर असते. लांबी-रुंदी तीन-तीन मीटरनं चुकली, आणि जीपीएस तेवढं सहज चुकतं, तर जवळपास चार गुंठे इकडचे तिकडे होतात. मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडूनच करून घ्या.

आपल्याकडे घड्याळाची खरी वाट लावतात ऊन आणि घाम. गाडीच्या टाकीवर, डॅशबोर्डवर किंवा टिनाखाली घड्याळ ठेवू नका. उन्हात ठेवून सोलर भरायचाही मोह नको, खिडकीच्या आतलं सकाळचं ऊन पुरतं. चार्जिंग पहाटे किंवा कूलरच्या खोलीत करा, ४५ अंशांवर लिथियम बॅटरी चार्ज करणं म्हणजे तिचं आयुष्य कापणं. हवेचं तापमान पाहायचं तर घड्याळ काढून अर्धा तास सावलीत ठेवा, मनगटावर ते तुमच्या अंगाची ऊब मोजतं.

शेतातून आलात की साध्या पाण्यानं धुवा. घामाचं मीठ चार्जिंगच्या पिनांवर बसतं, हिरवट थर धरतो आणि चार्जर लागेनासा होतो. मऊ ब्रशनं घासा, कोरडं पुसा, मगच चार्जर लावा. बाजूला सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, तिथूनच हवा दाबाच्या सेन्सरपर्यंत जाते. काळ्या मातीचा गाळ त्यात बसला की उंचीचा आकडा अडकून राहतो. कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि हलवून धुवा. सुई किंवा टाचणी घातली तर आतला पडदा फाटतो. फवारणीच्या दिवशी घड्याळ घरीच ठेवा, औषध पट्ट्याखाली साचून दिवसभर कातडीला लागतं.

सेल बदलताना मागच्या झाकणाखालचं रबरी कडंही बदलून मागा आणि त्याला सिलिकॉन ग्रीस लावलेलं डोळ्यांनी पाहा. बाजाराच्या दिवशी घाईत फक्त सेल घातला जातो आणि पहिल्याच पावसात काचेआड वाफ धरते. वाफ तासाभरात गेली नाही, तर घड्याळ बंद करून सर्व्हिस सेंटरला द्या. चार्जरला लावून बघू नका.