बाळाचं पोट आणि आईची झोप: बाळंतपणानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत या चुका टाळा

माझ्या पहिल्या बाळंतपणातली दुसरी रात्र मला अजून आठवते. बाळ पाऊण-पाऊण तासाने उठत होतं, प्यायचं, डोळे मिटायचं, खाली ठेवलं की पुन्हा रडायचं. पहाटे कुणीतरी प्रेमाने म्हणालं, "तुला दूधच नाहीये गं. एक बाटली देऊया, तूही जरा झोप." दिली. मी तीन तास झोपले. पुढच्या रात्रीही तेच केलं. चौथ्या दिवशी पान्हा आला तेव्हा छाती दगडासारखी दाटली होती आणि बाळ अंगावर ओढायला तयार नव्हतं. ती वाचवलेली झोप मी पुढचे दहा दिवस रडत फेडली.

दुसऱ्या बाळंतपणात माझ्या आईने आणि नवऱ्याने एकच नियम पाळला: पाजण्याचं काम बाळंतिणीचं, बाकी सगळं घराचं. चोवीस तासांत नवजात बाळ आठ ते बारा वेळा पितं. दहा वेळा धरा, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास. पाच ते साडेसात तास झाले. उरलेले साडेसोळा ते एकोणीस तास जातात कुठे? ढेकर काढण्यात, लंगोट बदलण्यात, कपडे धुण्यात, आल्यागेल्याशी बोलण्यात. बाळंतिणीची झोप तिथे सापडते.

आता त्या चुका एकेक करून. "दूध पुरत नाही" हा निकाल रडण्यावरून देणं. पहिल्या दिवशी येणारा चीक, म्हणजे ते घट्ट पिवळसर दूध, एका वेळी जेमतेम चमचाभर असतो. बाळालाही तेवढंच लागतं. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस जातात, सिझेरियन असेल तर कधी थोडे जास्त. दुसऱ्या रात्री आणि नंतर कित्येक संध्याकाळी बाळ सारखं-सारखं मागतं, कारण ओढल्यानेच दूध वाढतं. मधे वरचं दूध दिलं की बाळ कमी ओढतं, म्हणून दूध कमी बनतं, म्हणून पुन्हा वरचं द्यावं लागतं.

मग पुरतंय हे ओळखायचं कसं? लंगोट मोजा. पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा. शी आधी काळी-चिकट, मग हिरवट, पाचव्या दिवसाच्या आसपास पिवळी. वजन सुरुवातीला थोडं उतरतंच आणि बहुतेक बाळांचं दहा ते चौदा दिवसांत भरून येतं. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडे पलंगाजवळ एक वही होती. पाजल्याची वेळ, शू, शी, एवढंच नवरा लिहायचा. त्या वहीने मला जितकं शांत केलं तितकं कुणाच्या शब्दांनी केलं नाही.

काही बाळांना वरचं दूध खरंच लागतं: साखर उतरली, वजन फार घटलं, आई गंभीर आजारी आहे. डॉक्टरांनी सांगितलं तर ते द्यावं, त्यात आईची काही हार नाही. आधी आईचंच दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने देता येईल का, हे विचारा. मोठ्या रुग्णालयात असाल तर मातृदुग्धपेढीचीही, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध जिथे मिळतं तिचीही, चौकशी करा. देशातली पहिली दुग्धपेढी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

दुखत असताना दात-ओठ खाऊन पाजत राहणं. माझ्या मते विश्रांती सगळ्यात जास्त खाणारी चूक हीच. पकड चुकली की बाळ तासभर चोखतं, पोट भरत नाही, बोंडाला चिरा पडतात आणि पुढच्या वेळेची आईला धास्ती बसते. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं, मान वळलेली नको. त्याने मोठा आ केला की बाळाला छातीकडे आणा, छाती वाकवून बाळाकडे नेऊ नका. फक्त बोंड नाही, भोवतीचा काळा भागही, विशेषतः खालचा, तोंडात जायला हवा. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. पहिले काही क्षण ओढ जाणवेल. पण दुखतच राहिलं तर करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. रुग्णालयातून निघण्याआधी नर्सला समोर बसवून एकदा तरी बघायला सांगा. लाजू नका.

दर वेळी उठून बसायला लावणं. "झोपून पाजलं तर दूध कानात जातं" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. टाके असलेल्या बाईला दिवसातून दहा वेळा उठवणं हा तिच्यावर अन्याय आहे. कुशीवर आडवं होऊन, पाठीशी उशी घेऊन, बाळाला आपल्याकडे कुशीवर वळवून छान पाजता येतं. खबरदारी एकच, पण मोठी: आईचा डोळा लागणार असेल तर जवळ कुणीतरी जागं बसावं आणि पाजून झालं की बाळाला शेजारी त्याच्या कडक, सपाट गादीवर पाठीवर ठेवावं. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन पेंगणं फार धोक्याचं आहे.

बाळ झोपलंय म्हणून तासन्‌तास न उठवणं. मोह होतो, मला कळतं. पण वजन भरून येईपर्यंत तीन तासांच्या वर जाऊ देऊ नका, कमी वजनाच्या किंवा कावीळ असलेल्या बाळाला तर नाहीच. दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपाय चोळा. उलट जागं बाळ तोंड वळवतंय, मुठी चोखतंय, तेव्हाच घ्या. रडून लाल झालेल्या बाळाला लावायला दुप्पट वेळ जातो.

पाहुणे आणि मालीशवाली बाई यांच्या वेळेप्रमाणे दिवस आखणं. बाळ नुकतंच झोपलंय, आईचाही डोळा लागलाय आणि मालीशवाली बाई दारात. तिची वेळ पुढे-मागे करा. पाचवीपासून बारशापर्यंत लोक येतच राहतात. त्यांना दारातच चहा देऊन वाटेला लावण्याचं काम नवऱ्याचं, बाळंतिणीचं नाही. बंद खोलीत शेगडी पेटवू नका, त्या धुराने दोघांचाही श्वास कोंडतो. "पाणी कमी पी" हेही ऐकू नका, तहानेपुरतं प्यावं. बाळाला मध, घुट्टी, गुळाचं पाणी अजिबात नको. सहा महिने पाणीसुद्धा नको.

रात्रीची आमची वाटणी अशी होती. नऊ वाजता पाजून मी लगेच झोपायची. बाळ उठलं की नवरा त्याला माझ्या कुशीत आणून द्यायचा, मी पाजायची, ढेकर आणि लंगोट त्याचा. पहाटे पाचला माझी आई सूत्रं हातात घ्यायची. सलग झोप मिळाली नाही, पण मी पलंगावरून उतरत नव्हते, आणि त्याने खूप फरक पडला.

आशाताई रुग्णालयातल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं जे काम उभं केलं, त्यातूनच ही पद्धत देशभर गेली. आशाताईंकडून बाळाचं वजन करून घ्या आणि पाजताना पाहायला सांगा.

पुढचं काही दिसलं तर मात्र सकाळची वाट बघू नका. बाळ पिण्यासाठी उठतच नाही, अंग गार किंवा तापलेलं आहे, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे दिसतात. आईला तासाभरात पॅड भिजेल एवढं रक्त जातंय, ताप आहे, डोकं असह्य दुखून अंधारी येते, झटका येतो, छातीत दुखतं. 108 किंवा 102 ला फोन करा. आणि बाळ झोपलेलं असूनही आईला झोप येत नसेल, दोन आठवडे उलटूनही तिचं रडणं थांबत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार ती बोलून दाखवत असेल, तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका आणि त्याच वेळी रुग्णालयात न्या.