ईव्ही चार्जर पार्किंगपर्यंत पोचत नाही? एक्स्टेंशन बोर्ड लावायच्या आधी या चुका टाळा

गाडी बुक करताना रेंज किती, सबसिडी किती, बॅटरीची वॉरंटी किती हे सगळं विचारून होतं, पण पार्किंगमधला प्लग पॉइंट गाडीच्या चार्जिंग पोर्टपासून किती लांब आहे हे कुणीच मोजत नाही. मग डिलिव्हरीच्या दिवशी कळतं की चार्जरची वायर पाच मीटर आणि पॉइंट पलीकडच्या खांबावर, किंवा पॉइंटच नाही, मीटर रूम जिन्याखाली आणि गाडी गेटजवळ. तिथून जुगाड सुरू होतो. कुणी एक्स्टेंशन बोर्ड लावतं, कुणी गॅलरीतून वायर खाली सोडतं, कुणी ऑनलाइन गनची, म्हणजे गाडीत लावायच्या टोकाची, एक्स्टेंशन मागवतं, आणि चार दिवस नीट चाललं की "चालतंय की" म्हणून तेच कायमचं होऊन बसतं.

आधी एक फुकटचा उपाय. पोर्ट कुठे आहे बघा. काही गाड्यांचा पुढे ग्रिलमध्ये असतो, काहींचा मागे पेट्रोलचं झाकण असायचं तिथे. गाडी सरळ लावायच्या ऐवजी रिव्हर्स लावली तर दोन-तीन मीटर सहज वाचतात. शेजाऱ्याशी पार्किंगची अदलाबदल करता आली तर अजूनच छान, सोसायटीत एवढं तरी जमावं.

ते जमत नसेल तर पुढचं वाचा. सगळ्याचं सार हेच की वायर ओढून गाडीपर्यंत नेऊ नका, पॉइंट गाडीजवळ न्या.

एक्स्टेंशन बोर्ड आणि कन्व्हर्जन प्लग

लोक म्हणतात गिझर पण 15 अँपियरच्याच सॉकेटवर चालतो, मग चार्जरला काय होतंय. गिझर पंधरा-वीस मिनिटांत कट होतो हो. गाडी 15 अँपियर रात्रभर ओढते, आठ तास, दहा तास, मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नाही, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते म्हणजे करंट दुप्पट तर उष्णता चौपट. सॉकेटची पिन जरा ढिली असली आणि त्या जागी नुसता 0.1 ओहम रेझिस्टन्स आला तरी 15 अँपियरला तिथे साडेबावीस वॉट तयार होतात, म्हणजे प्लगच्या पोटात एक सोल्डरिंग आयर्न रात्रभर चालू ठेवल्यासारखं. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वास मारायला लागतं.

बाजारात मिळणारे बरेच बोर्ड वरून 16 अँपियरचे दिसतात पण आत वायर 1 स्क्वेअर एमएमची असते, कधी त्याहून बारीक. 25 मीटर अशा वायरवर 15 अँपियर ओढले तर साधारण 15 व्होल्ट वायरमध्येच खर्ची पडतात आणि 220 वॉटच्या आसपास उष्णता वायरभर पसरते. आता हीच वायर ड्रमवर गुंडाळलेली असली तर ती सगळी उष्णता एका बादलीएवढ्या जागेत कोंडते आणि आतल्या वेढ्यांचं इन्सुलेशन वितळून एकमेकांना चिकटतं. म्हणून तर ड्रमवर दोन आकडे छापलेले असतात, पूर्ण उलगडला तर अमुक वॉट आणि गुंडाळलेला असताना त्याच्या निम्म्याहूनही कमी. ते कोणी वाचत नाही.

कन्व्हर्जन प्लगबद्दल तर बोलायलाच नको. 15 चा प्लग 5 च्या सॉकेटमध्ये बसवून देणारा तो छोटा डबा मोबाईल-लॅपटॉपच्या जगातला आहे, त्याच्यावर गाडी लावू नका, एका रात्रीपुरती पण नाही. गावी गेल्यावर खूपदा हेच होतं, घरात 15 चा पॉइंट फक्त बाथरूमच्या गिझरला आणि गाडी अंगणात. अशा वेळी चार्जरमध्ये किंवा गाडीच्या स्क्रीनवर करंट कमी करायची सोय असेल तर तो 10 किंवा त्याहून खाली आणा, एकसंध जाड वायरची पूर्ण उलगडलेली एक्स्टेंशन वापरा आणि जागे असताना चार्ज करा. इमर्जन्सी म्हणून ठीक, रोजचं म्हणून नाही.

गनच्या बाजूने वायर वाढवणे

7.2 किलोवॉटचा वॉल बॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवलेला चार्जर, असलेले लोक हे करतात, टाइप 2 (गाडीच्या चार्जिंग प्लगचा एक प्रकार) ची एक्स्टेंशन केबल मिळते, एका टोकाला गन बसते, दुसऱ्या टोकाला नवी गन. दिसायला एकदम प्रोफेशनल. पण ईव्ही चार्जिंगच्या आयईसी 61851 या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्येच म्हटलंय की गाडी आणि चार्जर यांच्यामधल्या केबलला दुसरी केबल जोडू नये, आणि आपलं भारतीय स्टँडर्ड आयएस 17017 त्याच धर्तीवर आहे. कारण असं की टाइप 2 मध्ये सात पिना असतात, त्यातल्या दोन पॉवरच्या नाहीत, गप्पा मारायच्या आहेत. एक पिन गाडीला सांगते की चार्जर किती अँपियर द्यायला तयार आहे, दुसरीवरच्या रेझिस्टरवरून कळतं की ही केबल किती झेपवू शकते. मधल्या स्वस्त केबलमध्ये हा रेझिस्टर भलताच असला तर 20 अँपियरची केबल 32 ची म्हणून ओळख देते आणि गाडी बिनधास्त 32 ओढते. शिवाय गाडीकडचं टोक लॉक होतं पण मधला जोड लॉक होत नाही, तो जमिनीवर पडलेला, पावसाचं पाणी त्याच्याभोवती, आणि चालू चार्जिंगमध्ये कुणाच्या पायात अडकून ओढला गेला तर स्पार्क.

तुमच्या वॉल बॉक्सला कायमची केबल नसून सॉकेट असेल तर सरळ 10 मीटरची एकसंध टाइप 2 केबल घ्या, काम झालं. केबल कायमची जोडलेली असेल तर कंपनीकडे लांब केबल मिळते का विचारा, नाहीतर बॉक्सच हलवा. आतली केबल कापून मध्ये जोड देणारे वीर पण आहेत, वॉरंटी तिथेच संपते. पोर्टेबल चार्जरचा प्लग कापून इंडस्ट्रियल प्लग लावणं पण तसंच, काही चार्जरच्या प्लगमध्ये तापमानाचा सेन्सर असतो, प्लगबरोबर तोही कचऱ्यात जातो.

अर्थिंगचा लूप, हे मात्र नीट वाचा

चार्जर लावला की लाल लाइट, अर्थ फॉल्ट. जुन्या बिल्डिंगमध्ये हे रोजचं. पॉइंटला अर्थिंगची वायर आलेलीच नसते, किंवा आली असली तरी खाली पिटमध्ये, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात, प्लेट गंजून गेलेली. वायरमनला बोलावलं की तो सॉकेट उघडतो, अर्थची पिन न्यूट्रलला जोडतो, "लूप मारून दिला साहेब, आता होईल चार्ज" म्हणतो, आणि खरंच होतं. चार्जर फसतो, त्याला वाटतं अर्थिंग आहे.

आता विचार करा. त्या क्षणापासून गाडीची पूर्ण बॉडी न्यूट्रलला जोडलेली आहे. मागे कुठेतरी न्यूट्रल सुटला, आणि आपल्याकडे तो सुटतोच, तर बॉडीवर 230 व्होल्ट येऊ शकतात. गाडी रबरी टायरवर उभी, म्हणजे तो करंट जमिनीत जायला वाटच नाही, वाट मिळते ती ओल्या फरशीवर चप्पल न घालता दार उघडायला आलेल्या माणसातून. वर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, असली तरी गाडीत झालेली गळती लूपमुळे न्यूट्रलमधूनच परत जाते, त्यामुळे तिला काही पत्ता लागत नाही. आणि पॉइंटला थोडीफार खरी अर्थिंग असताना लूप मारला तर आरसीसीबी सारखी पडते, मग तोच वायरमन आरसीसीबी पण काढून टाकतो. झालं, दोन्ही गेलं.

आपल्या सॉकेटला लूप आहे का हे मल्टिमीटरने ओळखता येतं, सवय नसेल तर वायरमनला तुमच्यासमोर करायला सांगा. त्याच सॉकेटच्या लाइनवर काहीतरी जड लोड चालू ठेवायचा, इस्त्री चालेल, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये व्होल्टेज बघायचं. थोडंसं, एक-दोन-तीन व्होल्ट दिसलं तर साहजिक आहे कारण न्यूट्रलमध्ये करंट वाहतोय. दहा-वीसच्या घरात असेल तर अर्थिंग किंवा न्यूट्रल खराब. आणि लोड असताना चक्क शून्य दिसलं तर खूश होऊ नका, सॉकेट उघडून बघायला लावा.

उपाय एकच, खरी अर्थिंग. बंगला असेल तर चार्जरसाठी वेगळा पिट, सोसायटीत असेल तर मुख्य अर्थिंगपासून वेगळी वायर. पिटचा रेझिस्टन्स अर्थ टेस्टरने मोजून घ्या, पाच ओहमच्या आत यायला हवा. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की तो वाढतो, त्यामुळे पावसाळ्यात नीट चालणारा चार्जर उन्हाळ्यात एरर द्यायला लागला तर आधी पिटमध्ये पाणी ओता. इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर असतानाच एरर येत असेल तर मात्र चार्जरचा दोष नाही, तिथे न्यूट्रल अर्थला बांधलेला नसतो म्हणून येतो.

मग वायर कोणती टाकायची

पोर्टेबल 15 अँपियरच्या चार्जरला 20-25 मीटरपर्यंत 4 स्क्वेअर एमएम तांबं. अडीचची पण चालते म्हणतील, कागदावर चालतेही, पण रात्रभरचा लोड आणि पाइपमध्ये कोंडलेली वायर धरली तर चारचीच टाका, पैशाचा फरक फार नाही. 32 अँपियरच्या वॉल बॉक्सला जवळ असेल तर 6, आणि 25-30 मीटरच्या पुढे 10. 40 मीटरवर 6 ची टाकली तर आठ-साडेआठ व्होल्ट पडतात, 10 ची टाकली तर पाचच्या आसपास. सोसायटीत पैसे वाचवायला अ‍ॅल्युमिनियमची आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल टाकतात, हरकत नाही, पण साइज एक पायरी वर घ्या आणि तांब्याच्या टर्मिनलला बायमेटलिक लग (दोन धातू जोडणारं टोक) लावून जोडा, नुसती पिळून जोडलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर काही महिन्यांत ढिली होते आणि तिथूनच जळते.

लाइन मेन डीबीतून (मुख्य स्विचच्या पेटीतून) थेट न्या, मध्ये जोड नको, दुसरा पॉइंट पण नको. तिला स्वतःचा एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच) आणि स्वतःची 30 मिलिअँपियरची आरसीसीबी, जिला सगळे ईएलसीबीच म्हणतात. घरभराच्या आरसीसीबीवर चार्जर टाकला तर फ्रिज, इन्व्हर्टर सगळ्यांची थोडी-थोडी गळती साठून ती मध्यरात्री पडते आणि सकाळी गाडी 30 टक्क्यांवर. आरसीसीबी ए टाइपची मागा, दुकानदार एसी टाइपची देतो, ती गाडीच्या चार्जरमधून येणारी डीसी गळती नीट ओळखत नाही. ओळखायची खूण म्हणजे तिच्यावरचं चिन्ह, एकच साधी लाट असेल तर एसी टाइप, लाटेखाली अर्ध्या लाटा पण असतील तर ए. वॉल बॉक्समध्ये 6 मिलिअँपियर डीसीचं संरक्षण आहे का तेही विचारा, नसेल तर बी टाइप लागते आणि ती महाग पडते.

एमसीबी पडतोय म्हणून मोठा टाकायचा हा मूर्खपणा मात्र नको. अडीचच्या वायरवर 32 चा टाकला की एमसीबी पडायचा बंद होतो खरा, कारण आता आधी वायर जळणार. एमसीबी वायर वाचवायला असतो.

ड्राइव्हवेवरून वायर उघडी नेऊ नका, गाड्यांची चाकं जाऊन इन्सुलेशन आतून फाटतं आणि पहिल्या पावसात कळतं. आर्मर्ड केबल पाइपमधून, अडीच फुटाच्या आसपास खोल. भिंतीवर बॉक्स आयपी 65 चा, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा, आणि केबल खालून आत घ्या, वरून घेतली तर पाणी केबलवरून ओघळत आत येतं.

चालू झाल्यावर

पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने चार्जिंग थांबवा, स्विच बंद करा, प्लग काढून हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर सॉकेट बदला. अर्ध्या-एक तासाने चार्जिंग आपोआप थांबत असेल तर तेच, प्लग तापतोय. लगेच आरसीसीबी पडत असेल तर कुठेतरी ओल आहे, पावसाळ्यात नव्वद टक्के वेळा जोडात किंवा बॉक्समध्येच सापडते. दोन तासांनी एमसीबी पडत असेल तर त्याचा स्क्रू ढिला किंवा लाइनवर आणखी काही चालू आहे. आणि चार्जिंग हळू होत असेल तर सॉकेटवर चार्जिंग बंद असताना आणि चालू असताना व्होल्टेज बघा, मीटरपाशी पण बघा, मीटरपाशी फारसं पडत नसेल आणि सॉकेटवर सात-आठ व्होल्टच्या वर पडत असेल तर तुमची वायर बारीक आहे, मीटरपाशीच पडत असेल तर तक्रार वीज कंपनीकडे.

एवढं सगळं करायच्या आधी मंजूर लोड बघा, तो बिलावरच छापलेला असतो. 3 किलोवॉटच्या फ्लॅटवर 7.2 चा चार्जर लावून वर एसी चालू करणारे पण आहेत. घरच्या मीटरवर गाडी चार्ज करायला बंदी नाही, पण महिन्याला हजार किलोमीटर चालवली तर 130-150 युनिट वाढतात आणि बिल 300 युनिटच्या पुढच्या स्लॅबमध्ये गेलं की दर चांगलाच चढतो. ग्राहक हक्क नियमांत 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गाडीसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं, त्यामुळे पार्किंगपर्यंत नवी केबल टाकणारच असाल तर सोसायटीच्या पत्रासकट तो अर्ज आधी करा, नाहीतर घरच्या मीटरपासून टाकलेली केबल पुन्हा उपटून नव्या मीटरपासून टाकावी लागते.